समुद्र तापतोय, मग हवेच्या मॉडेलवर किती विसंबायचं?

सांगोल्याच्या एका डाळिंब बागायतदार ताईंनी विचारलंय: "मृगाचा पाऊस कधी पडेल हे सांगताना मॉडेल चुकतं, मग तसलीच मॉडेलं पन्नास वर्षांनंतरचा उन्हाळा कसा सांगतात? समुद्र तापतोय म्हणतात, ते कुणी मोजलंय की तेही मॉडेलनंच काढलंय? आणि समुद्र तर घाटाच्या पलीकडे. त्याच्या हिशेबात चूक निघाली तर आमच्याकडच्या अंदाजाचं काय? मला नवी बाग आणि शेततळं, दोन्हींचा निर्णय यंदाच घ्यायचाय."

ताई, मॉडेल म्हणजे हवेचे आणि समुद्राचे नियम संगणकावर चालवणारं गणित. हवा आणि समुद्र एकत्र चालवणाऱ्या अशा मॉडेलांवर माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आता मी सोलापुरात असतो, त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो. तुमचा मधला प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. समुद्र तापतोय हे मोजलेलं आहे, पाण्यात यंत्र उतरवून.

जगभरच्या समुद्रांत आज सुमारे ४,००० आर्गो तरंगयंत्रं फिरतायत. साधारण माणसाच्या उंचीची ही नळकांडी १,००० मीटर खोल जाऊन नऊ-दहा दिवस प्रवाहाबरोबर वाहतात. मग २,००० मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येता येता पाण्याच्या प्रत्येक थराचं तापमान आणि खारटपणा टिपतात. वर आली की उपग्रहाकडे नोंद पाठवायची आणि पुन्हा खाली जायचं. ठरवलेल्या ३,००० यंत्रांचं जाळं २००७ च्या नोव्हेंबरात पूर्ण झालं. भारताच्या यंत्रांच्या नोंदी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेकडे येतात आणि त्या सगळ्यांसाठी खुल्या आहेत.

पण मोजमापही चुकतं, आणि ती गोष्ट मला तुम्हाला नीट सांगायची आहे. मॉडेलवर विश्वास ठेवायचा की नाही, हे माझ्यापुरतं तिथे ठरलं.

आर्गोच्या आधी जहाजावरून 'एक्सबीटी' नावाचं, एकदाच वापरायचं यंत्र समुद्रात सोडत. त्याला तापमान कळायचं, पण आपण किती खोल आहोत हे कळत नसे. पाण्यात पडून किती सेकंद झाले यावरून खोली काढायची. पडण्याचा वेग किंचित चुकीचा धरला की खोली चुकते, आणि वरचं कोमट पाणी खालच्या थराच्या नावावर जमा होतं. त्यामुळे जुन्या नोंदींत १९७० च्या दशकात समुद्र एकदम तापलेला आणि पुढे पुन्हा निवलेला दिसायचा. मॉडेलमध्ये हा उंचवटा येतच नव्हता. मॉडेलं समुद्राची चढउतार पकडू शकत नाहीत, अशी टीका तेव्हा झाली आणि आमच्यातल्या अनेकांनी ती मान्यही केली. पुढे २००७ मध्ये या यंत्रांच्या वेगातला दोष उघड झाला. २००८ मध्ये दुरुस्त नोंदी आल्या आणि उंचवटा जवळजवळ नाहीसा झाला.

तसंच २००६ मध्ये एक निबंध आला की २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाला. ज्यांनी तो लिहिला त्यांनीच पुढच्या वर्षी शोधून काढलं की अटलांटिकमधल्या काही आर्गो यंत्रांच्या नोंदी चुकीच्या खोलीला लावल्या गेल्या होत्या आणि एक्सबीटीचा दोषही त्यात मिसळला होता. थंडावा गेला. आपलीच चूक आपण होऊन चारचौघांत सांगायला मन मोठं लागतं, आणि त्या दुरुस्तीचं मोल मला मूळ निबंधापेक्षा जास्त वाटतं.

आता समुद्र एकाच तराजूत तोलला जात नाही. पाणी तापलं की फुगतं. उपग्रह समुद्राची एकूण उंची मोजतात, दुसरे उपग्रह गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून वितळलेल्या बर्फाचं किती पाणी वाढलं ते सांगतात. वजाबाकी केली की निव्वळ फुगवटा उरतो. शिवाय पृथ्वीवर येणारं ऊन आणि पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता यांतला फरक तिसरे उपग्रह पाहतात. पाण्यातली यंत्रं, हा फुगवटा आणि उष्णतेतला हा फरक, या तिन्ही वाटांनी आलेली उत्तरं एकमेकांशी जुळतात. २००६ ते २०१८ या काळात पृथ्वीच्या दर चौरस मीटरमागे सरासरी ०.७९ वॅट उष्णता साठत गेली. आकडा छोटा दिसतो, पण तो अख्ख्या पृथ्वीवर, रात्रंदिवस, दर सेकंदाला आहे.

ही साठलेली उष्णता जाते कुठे? सुमारे ९१ टक्के समुद्रात. ५ टक्के जमिनीत, ३ टक्के बर्फ वितळवण्यात, आणि ज्या हवेबद्दल आपण एवढं बोलतो तिच्यात जेमतेम १ टक्का. समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते तेवढीच सगळ्या वातावरणात मावते, वरपर्यंतच्या सगळ्या हवेत. म्हणून हवेचं तापमान चार-पाच वर्षं थबकलं म्हणजे तापणं थांबलं, असं होत नाही. १९९८ नंतर दीड दशक हवेचा चढ मंदावल्याची फार चर्चा झाली. त्या वर्षांत समुद्रातली उष्णता वाढतच होती, आणि पॅसिफिकमधली बरीचशी इंडोनेशियाच्या बेटांमधून आपल्या हिंदी महासागरात शिरली. मॉडेल खरं की खोटं हे तपासायचं असेल तर मी आधी त्याचा समुद्र उघडून बघतो. हवेतला १ टक्का डुचमळत राहतो, हिशेबाची वही समुद्रात असते.

आता तुमचा पहिला प्रश्न. उजनीच्या जलाशयात उद्या सकाळी दहा वाजता लाट कुठे उठेल हे कुणी सांगू शकत नाही. पण पुण्याकडच्या धरणांतून किती पाणी येतंय, कालव्यात आणि नदीत किती सुटतंय, बाष्पीभवन किती, हे कळलं तर महिन्यानंतर पातळी कुठे असेल हे पाटबंधारे खात्यातला माणूस बऱ्यापैकी सांगतो. मृगाचा पाऊस हा लाटेचा प्रश्न आहे. आजच्या हवेच्या नोंदीतली बारीकशी चूक दहा-पंधरा दिवसांत एवढी फुगते की पुढचं दिसेनासं होतं. पन्नास वर्षांनंतरचा सरासरी उन्हाळा हा पातळीचा प्रश्न आहे. दोन्हींना मॉडेल एकाच जातीचं लागतं, प्रश्न मात्र वेगळे आहेत.

अजून एक. गड्ड्याच्या यात्रेत वासराची भाकणूक ऐकायला आपण सगळेच थांबतो. वर्ष कसं जाईल ते तिथे एका बोलीत मिळतं. मॉडेलचा आकडाही आपण त्याच कानानं ऐकतो. पण २०७० साली अमुक अंश होणार, असं मॉडेल म्हणत नाही. एवढा कार्बन डायऑक्साइड सोडलात तर एवढं, तेवढा सोडलात तर तेवढं, असं ते सांगतं. १९८८ साली अमेरिकेच्या 'नासा'तले हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी जो मधला अंदाज दिला तो प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. त्यात मुख्य फरक वायूंचा होता. मिथेन आणि ओझोन खाणारे वायू त्यांनी धरले तेवढे वाढलेच नाहीत. २०१९ च्या अखेरीस हवामानशास्त्रज्ञ झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी १९७० ते २००७ या काळातले १७ जुने अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. १० जसेच्या तसे जुळले. प्रत्यक्षात सुटलेले वायू धरून हिशेब केला तेव्हा १४ जुळले. १९९१ च्या जूनमध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा हॅन्सन यांच्याच गटानं पृथ्वी सुमारे अर्धा अंश निवेल असं आधी छापून सांगितलं, आणि ती तेवढीच निवली. घडून गेल्यावर जुळवलेल्या दहा आलेखांपेक्षा असं आधी सांगितलेलं एक उत्तर मला जास्त पटतं.

तुमचा खरा बोचरा प्रश्न तिसरा आहे: समुद्राचं गणित चुकलं तर? माझी उमेदीची वर्षं याच प्रश्नात गेली, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

सुरुवातीच्या मॉडेलांत समुद्र जवळजवळ नव्हताच. खाली दलदलीसारखा ओला पृष्ठभाग धरायचा, त्यातून वाफ उठते पण उष्णता साठत नाही. स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये खरा वाहता समुद्र हवेला जोडला. मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे अशीच कामं होती. पण जोडल्यावर नवं दुखणं निघालं. हवेची बारीक चूक समुद्राला बिघडवते, बिघडलेला समुद्र हवेला, आणि मॉडेल शंभर वर्षं पुढे चालवलं (याला आम्ही धाव म्हणतो) की दोघंही भरकटत जातात. तेव्हा काही ठिकाणी हातानं भरपाई घालत: समुद्राच्या त्या त्या तुकड्यात ठरावीक उष्णता रोज मिळवायची किंवा काढून घ्यायची. रोजमेळ जुळेना म्हणून दर संध्याकाळी गल्ल्यात पदरचे चार रुपये टाकावेत, तसा हा प्रकार. टीकाकारांनी यावर बोट ठेवलं ते योग्यच होतं. पुढे समुद्र आणि ढग यांचं गणित सुधारलं, तशी बहुतेक मॉडेलांतून ही भरपाई निघून गेली आणि तरीही ती सरळ चालू लागली. आमच्या धंद्यातली ही मोठी कमाई आहे, पण तिच्याबद्दल बाहेर फारसं कुणी बोलत नाही.

मग सोपी वाट म्हणून नुसतं हवेचं मॉडेल चालवलं आणि समुद्राचं तापमान प्रत्यक्ष नोंदींतून आयतं दिलं तर? अशी धाव आजही घेतात आणि तिचा उपयोग आहे. आपल्या मोसमी पावसाला मात्र ती लागू पडत नाही. २००५ मध्ये बिन वांग आणि सहकाऱ्यांनी याचं कारण नेमकं दाखवलं. आयता समुद्र दिला की मॉडेल सरळ हिशेब करतं: पाणी गरम, म्हणून पाऊस जास्त. पावसाळ्यात आपल्या समुद्रांवर बऱ्याचदा उलटं घडतं. ढग आधी येतात, ऊन अडवतात, वारा पाणी घुसळतो आणि समुद्र निवतो. तिथे हवा पुढे चालते आणि समुद्र तिच्या मागून. हे नातं तोडलं की समुद्राचा प्रत्येक अंश बरोबर दिला तरी पाऊस चुकतो. म्हणूनच मोसमी पावसाचा अंदाज सुधारण्यासाठी २०१२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या मान्सून मिशनमध्ये हवा आणि समुद्र जोडलेलं मॉडेल घेतलं गेलं आणि २०१७ पासून हवामान खात्याच्या हंगामी अंदाजात त्याचा वापर होऊ लागला.

जोडलेल्या मॉडेलांत चुका उरलेल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. बऱ्याच मॉडेलांत हिवाळा-वसंतातला अरबी समुद्र प्रत्यक्षापेक्षा थंड निघतो. थंड पाण्यातून वाफ कमी उठते आणि भारतावर पाऊस कमी पडतो. अशा मॉडेलचा पावसाचा आकडा घाट ओलांडून तुमच्या शेतापर्यंत येतो तेव्हा समुद्रातली ती चूक सोबत घेऊनच येतो. पॅसिफिकमध्ये दुसरं कोडं आहे. विषुववृत्ताच्या पूर्व भागात बहुतेक मॉडेलं तापणं दाखवतात. गेल्या काही दशकांत तो पट्टा प्रत्यक्षात तापला नाही, काहीसा थंडच झाला. आपला पावसाळा बिघडवणारा एल निनो तिथेच जन्मतो, त्यामुळे ही चूक आपल्याला परवडणारी नाही. नव्या पिढीची काही मॉडेलं तर गरजेपेक्षा जास्त तापतात. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर ५ अंशांच्या वर चढ दाखवणारी त्यांत आहेत, आणि इतर सगळे पुरावे ३ अंशांच्या आसपास बोट दाखवतात. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीनं (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात अशा मॉडेलांचा भाव उतरवूनच आकडे दिले.

यातला बराच घोळ ढगांमुळे आहे. मॉडेल नकाशावर चौकोनी घरं पाडतं आणि प्रत्येक घराला एकच आकडा देतं. ढग किलोमीटर-दोन किलोमीटरचे, मॉडेलची ही चौकट शंभर किलोमीटरची. त्यामुळे ढग सूत्रांनी अंदाजावे लागतात. हे ढग प्रत्यक्ष मोजण्याचं एक मोठं काम आपल्या सोलापुरात झालंय. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं इथे रडार उभारलं आणि विमानं ढगांत नेली. वर्तमानपत्रांत ते कृत्रिम पावसाचा प्रयोग म्हणून गाजलं. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते थेंबांचं मोजमाप. हवेत धुळीचे-धुराचे कण जास्त असले की तेवढीच वाफ जास्त थेंबांत वाटली जाते, थेंब बारीक राहतात आणि पडायला उशीर करतात. पर्जन्यछायेतल्या, म्हणजे डोंगरामागच्या कोरड्या पट्ट्यातल्या, ढगांची अशी नोंद जगात फार कमी ठिकाणी आहे.

आणि पर्जन्यछाया म्हटलं की चौकटीचा प्रश्न आलाच. आपला जिल्हा सुमारे १४,९०० चौरस किलोमीटरचा. शंभर किलोमीटरच्या चौकटीत तो दीड घरात संपतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तिथून तीस किलोमीटरच्या आत, वाईपर्यंत, तो कित्येक पटींनी घटतो. मॉडेलच्या एका घरात घाटमाथा आणि त्यामागचा कोरडा पट्टा एकत्र येतो. सह्याद्रीचा हजार-चौदाशे मीटरचा कडा तिथे काहीशे मीटरचा बुटका उतार होतो. घाटाची भिंतच नीट नसेल तर तिच्या मागचा दुष्काळी पट्टा कुठून नीट येणार? मे २०२५ पासून देशात ६ किलोमीटरच्या चौकटीचं मॉडेल वापरात आलंय, पण ते काही दिवसांच्या अंदाजासाठी. पन्नास-शंभर वर्षांच्या धावा अजून मोठ्या चौकटीतच होतात. म्हणून २०५० साली सांगोला तालुक्यात पाऊस अमुक टक्के वाढेल, असा एकच आकडा कुणी दाखवला, मग तो कितीही सुंदर नकाशावर असो, तर त्यावर बाग लावू नका. हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतोय.

मग कशावर लावायची? तापमानावर. इथे मॉडेल, थर्मामीटर आणि भौतिकशास्त्र एकाच दिशेला आहेत. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग तर १९५१ ते २०१५ या काळातच सुमारे १ अंशानं तापला. जगातल्या समुद्रांची सरासरी त्या काळात ०.७ होती. समुद्रात उष्णता आधीच साठलेली असल्यामुळे उद्या कारखान्यांच्या सगळ्या चिमण्या बंद झाल्या तरी ती पटकन उतरणार नाही. तुमच्या बागेच्या पुढच्या वीस वर्षांत उन्हाळे आजच्यापेक्षा निवळतील यावर मी एक रुपयाही लावणार नाही. उन्हाळ्यात फळ झाडावर येईल असा बहार धरत असाल तर सावलीचं कापड हा आता वरखर्च राहिलेला नाही, तो बागेच्या भांडवलातच धरा.

पावसाच्या एकूण आकड्याबद्दल माझा सल्ला वेगळा आहे. देशपातळीवर मॉडेलं पुढे पाऊस वाढेल म्हणतात. याच मॉडेलांपैकी बहुतेकांना १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला ते नीट पकडता आलं नव्हतं. त्या घटीमागे हवेतले प्रदूषणाचे कण होते, आणि पुण्याच्या त्याच संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या कामानुसार तापलेला हिंदी महासागरही होता: समुद्र तापला की जमीन आणि समुद्र यांच्यातला फरक कमी होतो आणि वाऱ्याचा जोर घटतो. एकच समुद्र वाफ वाढवतो आणि वारा कमीही करतो. दोन ओढींपैकी तुमच्या तालुक्यात कुठली जिंकेल याचा कौल मॉडेलं एकमतानं देत नाहीत. तेव्हा सरासरी आज आहे तेवढीच धरा, आणि सलग दोन वाईट वर्षं निघतील एवढी सोय ठेवा. २०१४ आणि २०१५ अशी जोडी आपण पाहिलेलीच आहे.

पडेल तो पाऊस कसा पडेल, इथे मात्र मी पुन्हा ठाम आहे. हवा १ अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, याला मॉडेलचीही गरज नाही. गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचा बराच भाग येतो, अतिवृष्टीच्या मोठ्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्याचं कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. आपला अनुभव ताजा आहे. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ जमिनीवर आला, तेलंगणातून आणि कर्नाटकातून सरकत आपल्या डोक्यावरून अरबी समुद्राकडे गेला. दुसऱ्या दिवशी अतिवृष्टीनं जिल्ह्यात काय झालं, भीमेच्या पुरानं पंढरपुरात काय केलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा समुद्र फक्त घाटापलीकडचा नाही ताई, पूर्वेकडचाही आहे. उत्तरा-हस्ताचा पाऊस, ज्यावर आपली ज्वारी उभी राहते, तो बराचसा तिकडूनच येतो.

हस्त बहार धरत असाल तर याच पावसात तेल्या रोगाचं भय वाढतं. बहार बदलायचा का, हे केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारून ठरवा, तो माझा विषय नाही. शेततळ्याचं मात्र सांगू शकतो. आपल्याकडे उघड्या पाण्यातून वर्षाला दीड मीटरहून जास्त पाणी उडून जातं आणि उन्हाळे तापतील तसं ते वाढेल. म्हणून पसरट तळ्यापेक्षा खोल तळं बरं, आणि आच्छादनाचा खर्च आजच धरा. ओढ्याचं पाणी आत घेणार असाल तर सांडव्याची रुंदी ठरवताना सरासरी पाऊस धरू नका. तुमच्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा १४ ऑक्टोबर २०२० चा आकडा मागून घ्या आणि तो धरा.